सहा पन्नासचा जबाब

माझ्या वडिलांचं, आप्पांचं, पोलीस संरक्षण काढून घेतल्याचं पत्र नऊ सप्टेंबरला आलं. ते घेऊन आले अंगद, म्हणजे ज्यांना काढून घेतलं होतं तेच. सकाळी ठाण्यावर हजेरीला गेले तेव्हा त्यांच्या हातात ठेवलं होतं. दुकानाच्या पायरीवर उभे राहून त्यांनी ते माझ्याकडे दिलं. म्हणाले, "ताई, तुमीच वाचा. मला वाचून दाखवायला लई अवघड वाटायलंय."

चार ओळी होत्या. जिल्हा समितीने आढावा घेतला, श्री. गुरुलिंग यांच्या जीवितास सध्या धोका दिसून येत नाही, सबब पोलीस शिपाई अंगद यांनी उद्यापासून मूळ नेमणुकीवर हजर व्हावे. खाली शिक्का आणि न वाचता येणारी सही.

"काय आलंय रे?" आईनं आतून विचारलं.

"माझी बदली, काकू. सुटलो तुमच्या शेंगाच्या चटणीतून. आता घरी जाऊन आधी मटण खाणार."

"जा बाबा जा. नऊ महिन्यांत पाच किलो वाढलास ते कुणाच्या चटणीनं?"

मग ती बाहेर आली आणि माझ्या हातातला कागद तिनं पाहिला. अंगदनी जाण्याआधी घराला एक फेरी मारली. मागच्या दाराची कडी हलवून बघितली, आतून आडवं लाकूड लावायला सांगितलं, आणि आप्पांनी रोज एकाच वेळी फिरायला जाऊ नये असं मला दोनदा बजावलं. आप्पा त्या वेळी आत पूजेला बसले होते, हातात इष्टलिंग. त्यांची पूजा होईपर्यंत अंगद दारात थांबले. नऊ महिने ते रोज तसेच थांबत.

सतरा सप्टेंबरला आठ दिवस उरले होते.

आमचं गाव घाटनांदूरपासून सात किलोमीटरवर. शाळेच्या मैदानात एक दगडी स्तंभ आहे. निजामाविरुद्ध लढलेल्या गावातल्या अकरा माणसांची नावं त्याच्यावर कोरली आहेत. दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, तिथं झेंडा लागतो, नावं वाचली जातात, आणि कुणीतरी भाषण करतं. आप्पा त्याच शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवत होते, त्यामुळे ते भाषण बहुतेक त्यांचंच असे. निवृत्त झाल्यापासून ते जिल्हाभर व्याख्यानं देत फिरायचे, वर्तमानपत्रात लिहायचे. दुकान आई सांभाळते.

मागच्या वर्षीच्या भाषणात त्यांनी दस्तगीर जमादाराची गोष्ट सांगितली. जमादार निजामाच्या पोलिसात होता. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात या अकरा जणांना पकडायला तुकडी निघणार होती, तेव्हा यानंच आदल्या दिवशी निरोप पाठवला आणि सगळे धारूरच्या डोंगरात निसटले. आप्पांकडे याचे चार लेखी पुरावे आहेत. त्यांतले दोन तर त्या अकरांपैकीच दोघांनी म्हातारपणी स्वतःच्या हातानं लिहून दिलेले. आप्पा म्हणाले, "या अकरा जणांनी देश मिळवला. हे अकरा जण आपल्याला मिळाले ते दस्तगीर जमादारामुळं. बारावं नाव त्याचं पाहिजे."

पूर्ण भाषण अकरा मिनिटं चाळीस सेकंदांचं होतं. फोनवर फिरलेला तुकडा चौदा सेकंदांचा. मी दोन्ही शेजारी लावून ऐकले. तुकड्यात फक्त एवढंच होतं की दस्तगीर निजामाच्या पोलिसात होता आणि त्याचं नाव इथं पाहिजे. मधली नऊ वाक्यं काढून टाकलेली.

पुढच्या तेरा दिवसांत त्रेसष्ट फोन आले. वेळ, नंबर, बोललेलं वाक्य, सगळं मी वहीत उतरवलं. बहुतेक नुसत्या शिव्या. पण सोळा जणांनी एकच प्रश्न विचारला, "तुझा देश कोणता बे?" पहिल्या काही जणांना आप्पांनी उत्तर दिलं, "हाच. तुमचा?" पलीकडून फोन बंद व्हायचा. नंतर त्यांनी उत्तर देणं सोडलं. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "पोरांनी शंका विचारली तर समजावता येतं. हे शंका विचारत न्हाईत."

नोव्हेंबरात आम्ही कपिलधारच्या यात्रेला गेलो. धबधब्याकडच्या गर्दीत एक माणूस आप्पांच्या कानाशी वाकला. मी चार फुटांवर होते. मला त्याची पाठ दिसली, पांढरा सदरा दिसला, तोंड दिसलं नाही. आप्पा नंतर रुमालानं कान पुसत होते. तो म्हणाला होता, "गुरुजी, पुढच्या सतराला झेंड्याला येऊ नका. आलात तर माघारी जायचं न्हाई." शिवी नव्हती. 'गुरुजी' म्हणाला, 'तुमी' म्हणाला. त्रेसष्ट फोनांना न घाबरलेली आई त्या आदरानं घाबरली. आप्पा मात्र तेव्हाच म्हणाले की सतराला मी जाणार, बोलणार, आणि पुरावे वाचून दाखवणार. तक्रार झाली, अर्ज झाला आणि डिसेंबरात अंगद आले.

अकरा सप्टेंबरला मी बीडला जिल्हा पोलीस कार्यालयात गेले. सोबत एक तक्ता नेला होता. महिन्याला किती फोन: सप्टेंबर त्रेसष्ट, ऑक्टोबर बावीस, नोव्हेंबर नऊ, डिसेंबर चार, त्यानंतर शून्य. दोन तास थांबल्यावर साहेबांनी आत बोलावलं. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर सरकवलेला. टेबलावर अर्जांचा गठ्ठा आणि त्यावर पेपरवेट म्हणून कसलीशी ट्रॉफी.

"शिक्षण?"

"एम.एस्सी. फिजिक्स."

"मग इकडं कशाला फिरताय, नोकरी बघा." असं म्हणत त्यांनी तक्ता बघितला. बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं. "हे तर तुम्हीच दाखवताय. शून्य."

"सर, डिसेंबरात शिपाई आले. त्यानंतरचं शून्य आहे."

"म्हणजे त्यांच्यामुळं?"

"असेल. नसेलही. ते आले नसते तर काय झालं असतं हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. तुलनेला दुसरे आप्पा नाहीत."

साहेब हसले. कुचेष्टेनं नाही, खरंच आवडल्यासारखे हसले. मग फाईल उघडून त्यांनी एक कागद माझ्याकडे वळवला. "मल्लम्मा कोण?"

"माझी आई."

तो जबाब होता. 'समक्ष विचारले असता सांगते की, माझे पतीस सध्या कोणाकडूनही धमकी नाही. घरी व दुकानी सर्व ठीक आहे. आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही.' खाली आईची सही, तिचा तो शेवटचा 'म्मा' नेहमी ओळीच्या खाली जातो तसा गेलेला. तारीख सव्वीस ऑगस्ट. वेळ १८.५०.

"घरच्याच माणसानं असं लिहून दिल्यावर समितीपुढं मी काय बोलणार?" साहेब म्हणाले.

सव्वीस ऑगस्टला आप्पा आणि अंगद व्याख्यानाला धारूरला होते आणि मी अंबाजोगाईला. दुकानात आई एकटी होती.

"पुढची बैठक कधी आहे, सर?"

"नोव्हेंबरात."

"धमकी सतरा सप्टेंबरची आहे."

"धमकी मागच्या नोव्हेंबरातली आहे."

"पण ती या सतरा सप्टेंबरसाठी आहे."

त्यांनी पेन्सिलीनं फाईलच्या कोपऱ्यात काहीतरी टिपलं. "नवीन काही घडलं तर लगेच कळवा. हा माझा नंबर. लगेच, बरं का." नंबर घेऊन मी बाहेर आले. एस.टी.त बसल्यावर लक्षात आलं की मी त्यांना विचारायला हवं होतं, नवीन म्हणजे काय घडायला हवं? आणि ते घडल्यावर कळवायला कोण उरायला हवं? पण असे प्रश्न नेहमी एस.टी.तच सुचतात.

घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती.

"आई, सव्वीस ऑगस्टला कोण आलतं?"

"त्या दिवशी? शहादेव हवालदार. चांगला माणूस हाय. चहा दिला त्याला."

"काय विचारलं त्यांनी?"

"म्हणाला, काय काकू, काही तरास, काही धमकी बिमकी हाय का आता."

"मग तू काय सांगितलंस?"

तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "मी नुकता दिवा लावलता ग."

मग मला सगळं कळलं, आणि १८.५० या वेळेचा अर्थही कळला.

आमच्या दुकानात आजोबांपासून एक रीत आहे. संध्याकाळी देव्हाऱ्यातला दिवा दुकानात फिरवला की पुढचा तासभर तिथं वाईट बोलायचं नाही. 'न्हाई' म्हणायचं नाही, 'संपलं' म्हणायचं नाही. साखर संपली असेल तर 'साखर उद्या भरपूर येणार हाय' असं सांगायचं. कुणी तब्येत विचारली तर ताप असला तरी 'लई बरी हाय'. लहानपणी मी जत्रेला जाऊ का, हे मुद्दाम त्याच वेळी विचारायची. आई दात-ओठ खात हो म्हणायची. शहादेव हवालदारांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. ते ड्यूटी संपवून जाता जाता आले होते.

"म्हणून तू धमकी नाही असं सांगितलंस?"

"तसं न्हाई म्हणले मी. समदं बरं हाय म्हणले, घर भरलेलं हाय म्हणले. त्यानं त्याच्या भाषेत लिवलं."

"वाचून दाखवलं असेल ना?"

"दाखवलं. पण गिऱ्हाईक होतं पुढं. केली सही."

"आई, आप्पांचा जीव आहे तो!"

सूप खाली ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं. "त्यांच्याच जिवासाठी बोलले की ग मी! दिव्याच्या पुढं बसून 'माझ्या नवऱ्याला मारणार हायेत' असं तोंडातून कसं काढू? काढलं अन् लागलं म्हंजे? तू सांग. तुझं सायन्स काय म्हणतं, लागतं का न्हाई लागत?"

माझं सायन्स काय म्हणतं ते मला माहीत होतं, पण तिला त्या क्षणी ते सांगून उपयोग नव्हता. आप्पा दारात उभे राहून ऐकत होते. आयुष्यभर ते असल्या रीतींना हसत आले. वर्गात मुलांना सांगायचे की शब्दात वीज नसते. मला वाटलं आता बोलतील. ते आत आले, आईनं बाजूला टाकलेला खडा उचलून खिडकीबाहेर टाकला आणि म्हणाले, "चहा करतीस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी आईला घेऊन ठाण्यावर गेले. मुद्दाम सकाळी. शहादेव हवालदारांनी आमच्यासाठी खुर्च्या ओढल्या.

"काकू, मी माझ्या मनानं लिवलं का काही?"

"न्हाई रे बाबा."

"मग जबाब कावून बदलताय?"

आईनं त्यांना दिव्याचं सांगितलं, काही न लपवता, अगदी साखरेपर्यंत. ते ऐकत राहिले. मग पेन खाली ठेवलं. "माझी मायबी तसलीच होती," ते म्हणाले. "दिवेलागण झाली की शेजारणीला सुईसुदिक द्यायची न्हाई. समजलं मला. पण आता हे लिवू कसं? 'दिवा लावला असल्याने खरे सांगितले नाही' असं लिवलं तर साहेब मलाच दिव्याखाली उभं करतील."

कोपऱ्यातला एक शिपाई हसला. आईही हसली, तोंडावर पदर धरून.

"असं करू," हवालदार म्हणाले, "'घाईगडबडीत जबाब दिला, धमकी कायम आहे', असं लिवतो. चालतंय?"

"चालतंय."

त्यांनी लिहायला घेतलं. अक्षर चांगलं होतं. अर्ध्यावर थांबून त्यांनी विचारलं, "शेवटची धमकी कधी?"

"मागच्या नोव्हेंबरात. कपिलधारला."

"त्याच्यानंतर?"

मी आईकडे बघितलं. मी काही सांगू शकले नाही, जबाब तिचा होता. ठाण्याच्या भिंतीवरचं घड्याळ अकरा वीस दाखवत होतं, बाहेर ऊन होतं, दिवा कुठंच नव्हता. आईनं खरं सांगितलं.

"डिसेंबरात चार फोन, नुसत्या शिव्यांचे. त्याच्यानंतर न्हाई."

हवालदारांनी तेही लिहिलं. लिहिणं भागच होतं. वाचून दाखवलं, आईनं या वेळी नीट ऐकलं आणि सही केली. त्या कागदावर आता शंभर टक्के खरं होतं आणि त्याचा आम्हाला काही उपयोग नव्हता. आम्हाला निरोप द्यायला हवालदार फाटकापर्यंत आले. म्हणाले, "मी वर पाठवतो. फोनबी करतो. पण काकू, सतराच्या आत काही हलंल असं मला वाटत न्हाई. माणसं समदी बंदोबस्ताला गेलीत."

अंगदचा त्या दिवशी फोन आला. सतराला रजा टाकून साध्या कपड्यात येतो म्हणाले. आप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला. "अंगदा, तुझ्या कमरेला त्या दिवशी काही नसणार. मग तू माझ्यासारखाच. एका ऐवजी दोघं कशाला?" पलीकडून अंगद बराच वेळ काहीतरी बोलत होते. आप्पा 'हं, हं' करत राहिले आणि शेवटी म्हणाले, "काकू म्हणती, मटण खाल्लं का विचार."

पुढचे तीन दिवस आप्पा भाषणाची तयारी करत होते. चारही पुराव्यांच्या झेरॉक्स त्यांनी काढून आणल्या, प्रत्येकी वीस प्रती. मागच्या वेळी आपण पुरावे वाचले नाहीत, नुसता निष्कर्ष सांगितला, ही आपली चूक झाली, असं त्यांना वाटत होतं. पुरावे समोर ठेवले की लोक मानतात, यावर त्यांचा विश्वास होता. माझाही होता. तो मी त्यांच्याकडूनच घेतला होता. मी प्रती पिनअप करून दिल्या.

पंधराला संध्याकाळी चार वाजता केदारनाथ सर आले. ते आता शाळेचे मुख्याध्यापक आहेत आणि आप्पांचे विद्यार्थी. आमच्याकडे येताना ते नेहमी मोटारसायकल लांब लावून चालत येतात, आप्पांसमोर गाडीवरून उतरणं बरं दिसत नाही म्हणून. त्या दिवशीही तसेच आले. आप्पांच्या पाया पडले. बसले. आईनं पुढं केलेल्या चहाला त्यांनी हात लावला नाही, तेव्हाच आप्पांनी चष्मा काढला.

"बोल, केदार."

"गुरुजी, कसं बोलू?"

"तोंडानं बोल. वर्गातबी असाच मुका व्हायचास, उत्तर येत असताना."

केदारनाथ सर हसले नाहीत. "मैदानात चारशे बारा लेकरं असणार हायेत. पहिलीची पोरं एकदम पुढं बसतात, स्तंभाच्या जवळ. तिथंच तुमी उभं राहणार. अंगद सोबत असते तर मी आलोच नसतो. पण आता कुणी आलं अन् काही फेकलं, काही झालं..." मग म्हणाले, "दोघा-तिघांच्या आया येऊन गेल्या माझ्याकडं. मोर्चा न्हाई, भांडण न्हाई. नुसतं विचारलं, गुरुजी येणार हायेत का? येणार असले तर आमी लेकराला घरी ठेवू का?"

मी म्हणाले, "सर, मग धमकी देणाऱ्याचंच झालं ना?"

"व्हय ताई, त्याचंच झालं," ते म्हणाले. "मला दुसरं उत्तर सापडलं न्हाई. तुमाला सापडलं तर सांगा, मी आत्ता ऐकतो."

मी विचार केला. खरंच केला. मुलांना मागं बसवावं? मागच्या बाजूलाच रस्ता आहे. फाटक बंद ठेवावं? तर काही झालं की मुलं आतच अडकतील. पोलीस मागावेत? तिथूनच तर आम्ही आलो होतो. प्रत्येक वाटेला आणखी एक फट होती, आणि चारशे बारा हा आकडा कशानंही कमी होत नव्हता.

आप्पा उठले. आतून झेरॉक्सचा गठ्ठा आणला आणि केदारनाथ सरांच्या मांडीवर ठेवला. "तू वाचशील?"

सरांनी वरचं पान उलटून बघितलं. मग हळूच म्हणाले, "गुरुजी, मला दोन पोरी हायेत."

"बरं," आप्पा म्हणाले. त्यांनी गठ्ठा परत घेतला. "बरं केलंस आधी सांगितलंस. मी येत न्हाई. चहा घे, गार व्हायलाय."

सरांनी चहा घेतला. गार झालेला चहा उभ्यानंच एका घोटात संपवला, आणि ते मोटारसायकलीकडे चालत गेले तेव्हा वळून बघितलं नाही.

सतराला सकाळी आईनं दुकान उघडलं नाही. आम्ही तिघं दुकानातच बसलो होतो, शटर खाली ओढून, दिवा लावून. आत घरात बसता आलं असतं. पण शाळेचा भोंगा दुकानात जास्त स्पष्ट ऐकू येतो, आणि आप्पा सकाळपासून तिथून हलत नव्हते. पांढरं धोतर, टोपी, सगळं झेंड्याला जाण्यासारखं. नऊला पाच मिनिटं कमी असताना गल्ली रिकामी झाली. समोरची छबुबाई नातीला घेऊन गेल्याचं मी आवाजावरून ओळखलं.

झेंडा वर गेल्याचं भोंग्यावरून कळलं. मग राष्ट्रगीत सुरू झालं. आप्पा पोत्यावरून उठून ताठ उभे राहिले, हात बाजूला, अंगठे पुढं, मुलांना शिकवायचे तसे. आई उठली. मी उठले. तूरडाळीच्या आणि साबणाच्या मधे, तिघं शटरकडे तोंड करून.

राष्ट्रगीताला बावन्न सेकंद लागतात. साधारण विसाव्या सेकंदाला बाहेरून कुणीतरी शटर वाजवलं.

तळहातानं, तीनदा. मग थांबून आणखी चारदा, जोरात. पत्रा थरथरला आणि त्याच्या फटीतून धूळ पडली. आईनं माझ्याकडे बघितलं, मान न हलवता, नुसते डोळे. आप्पांकडे मी बघितलं. त्यांचा गळा हलत होता, ते शब्द म्हणत होते. हात बाजूलाच होते. मला वाटत होतं की त्यांना मागं ओढावं, घरात न्यावं. पण ते उभे होते तोवर मला हलता येईना. का, ते मला अजूनही सांगता येत नाही. मी त्या उभं राहण्यात विश्वास ठेवण्यासारखं काही आहे का असा विचारही करत नव्हते. फक्त हलता येत नव्हतं. शटरखालच्या बोटभर फटीतून बाहेरचा उजेड दिसत होता, आणि त्या उजेडात एक सावली उभी होती.

गीत संपायच्या आधीच सावली गेली.

भोंग्यावरून जयजयकार झाला. मी आप्पांच्या पुढं जाऊन शटरला पाठ लावली. "कोण हाय?" दोनदा विचारलं. उत्तर आलं नाही. पावलं ऐकू आली नाहीत, भोंगा होता. मग केदारनाथ सरांचा आवाज आला. ते नावं वाचत होते, एकेक, मधे थांबत. अकरा झाली. पुढची शांतता मला लांब वाटली, पण कदाचित त्यांनी फक्त कागद उलटला असेल. मग त्यांनी मुलांना जिलेबीसाठी रांगेत यायला सांगितलं.

अकरा वाजता आम्ही शटर उघडलं. पायरीवर काही नव्हतं. चिठ्ठी नाही, दगड नाही. छबुबाईला विचारलं तर म्हणाली, "म्या झेंड्याला गेलते की. समदं गाव तिथंच व्हतं." दुपारी दोन गिऱ्हाइकं आली, आईनं दोघांनाही विचारलं, सकाळी तुमी आलते का? दोघंही नाही म्हणाले. एखादा परगावचा माणूस काडीपेटीसाठी आला असेल. किंवा तसं नसेल.

मी साहेबांच्या नंबरवर फोन केला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला आणि नीट ऐकून घेतलं. "कोण होतं?"

"माहीत नाही."

"काही बोललं?"

"नाही."

"काही नुकसान?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले. "लेखी द्या." मी लेखी दिलं. 'अज्ञात व्यक्तीने शटर सात वेळा वाजवले.' लिहिताना माझं मलाच ते हास्यास्पद वाटलं, पण मी जे बघितलं त्यापेक्षा एक शब्दही जास्त लिहू शकत नव्हते.

नंतर ऑक्टोबरात आप्पांची दोन व्याख्यानं ठरलेली होती. एका ठिकाणच्या लोकांनी फोन करून विचारलं, पोलीस सोबत असतील ना? दुसऱ्यांनी काही न विचारता तारीख पुढं ढकलली. आप्पा दोन्ही ठिकाणी 'हरकत नाही' म्हणाले. दुपारी ते दुकानात बसू लागले. तेल मोजून द्यायला त्यांना अजूनही जमत नाही. आई त्यांच्या हातून माप काढून घेते.

नोव्हेंबरच्या शेवटी समितीचं उत्तर आलं. या वेळी टपालानं. आप्पांनी चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं, आईला ऐकू जाईल असं: "अर्जदार सध्या कोणत्याही सार्वजनिक कार्यक्रमात सहभागी होत नसल्याचे चौकशीत दिसून आले. सबब त्यांना पोलीस संरक्षणाची आवश्यकता वाटत नाही."

"म्हंजे?" आईनं विचारलं.

"म्हंजे मी घरी हाय," आप्पा म्हणाले आणि कागदाची घडी घालायला लागले.